दुबळे संघ विजेते होतात तेव्हा नेमकं काय घडतं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सिन्नर तालुक्यात तुमच्या मंडळाचा कबड्डी संघ आहे आणि तीन वर्षं झाली तो पहिल्याच फेरीत हरून घरी येतोय. पोरांचा धीर सुटू नये म्हणून तुम्ही त्यांना इंग्लंडच्या फुटबॉलमधल्या लेस्टर सिटीची आणि आयपीएलमधल्या राजस्थान रॉयल्सची गोष्ट सांगता. परवा एका पोरानं विचारलं, "दादा, ते नशिबानं जिंकले का त्यांच्यात खरंच काही होतं?" आणि तुम्हाला उत्तर देता आलं नाही.

पोरानं फार चांगलं विचारलंय. त्याला गुळमुळीत उत्तर देऊन भागणार नाही. 'मनात आणलं की काहीही होतं' असं सांगितलंत, तर पुढचा सामना हरल्यावर त्याचा तुमच्यावरचा विश्वास जाईल आणि स्वतःवरचाही. मी नाशिकला पंचवटीत बावीस वर्षं कबड्डी शिकवतोय, त्याआधी बारा वर्षं डाव्या कोपऱ्यात खेळलो. माझ्याकडे येणारी पोरं सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीवर जाणारी, मार्केट यार्डात पहाटे गाड्या उतरवणारी. तयार, दमदार संघ माझ्या वाट्याला क्वचितच आला. त्यामुळे कमकुवत संघ कसे जिंकले हे मी गरजेपोटी शोधत आलोय. जुने धावफलक पाहायचे, सामन्यांची चित्रीकरणं पुन्हा पुन्हा लावायची, आणि त्यातलं आपल्या मॅटवर काय चालेल ते करून बघायचं.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. नशीब असतं आणि बरंच असतं. पण नशीब दारात येईपर्यंत सामन्यात टिकून राहावं लागतं, आणि ते टिकणं शिकवता येतं. दुबळा संघ सगळ्या बाजूंनी सुधारून जिंकत नाही, तेवढा वेळ आणि तेवढी माणसं त्याच्याकडे नसतात. तो खेळ आखूड करतो. म्हणजे काय, ते सांगतो.

त्याआधी एक गोष्ट तपासा. संघ दुबळा आहे असं म्हणतंय कोण, आणि कशावरून? राजस्थान रॉयल्सचंच घ्या. २००८ साली आयपीएलचे आठ संघ विकले गेले तेव्हा हा सगळ्यात स्वस्तात गेला, ६ कोटी ७० लाख डॉलरला. मुंबईचा संघ ११ कोटी १९ लाखांना गेला होता. नावाजलेले फलंदाज कमी. कर्णधार आणि प्रशिक्षक एकच, शेन वॉर्न, तोही कसोटीतून निवृत्त झालेला. पहिलाच सामना दिल्लीकडून ९ गडी राखून हरले आणि 'बघा, म्हटलं नव्हतं?' असं सगळीकडे झालं. पण त्या संघात होतं कोण ते बघा. दुखापतींनी बेजार झालेला शेन वॉटसन, जो स्पर्धेचा मानकरी ठरला. चुकीच्या पायावर चेंडू टाकणारा सोहेल तन्वीर, ज्याची लय फलंदाजांना कळतच नव्हती. त्यानं २२ बळी घेतले, त्यातले ६ चेन्नईविरुद्ध एकाच सामन्यात अवघ्या १४ धावांत. युसूफ पठाण, गोव्याचा स्वप्निल अस्नोडकर, नुकताच १९ वर्षांखालचा विश्वचषक जिंकून आलेला रवींद्र जडेजा. साखळीत १४ पैकी ११ सामने जिंकून हा संघ पहिला आला, उपांत्य सामन्यात त्याच दिल्लीला १०५ धावांनी हरवलं. १ जून २००८ ला नवी मुंबईत अंतिम सामन्यात शेवटच्या चेंडूवर एक धाव हवी होती, ती तन्वीरनं काढली. पलीकडच्या टोकाला वॉर्न उभा होता.

हा संघ दुबळा होता का? मला विचाराल तर नव्हता. तो स्वस्त होता. लोकांनी किंमत बघून ताकद ठरवली होती. वॉर्ननं एकच केलं, प्रत्येकाला त्याचं काम नेमून दिलं. तू पहिल्या षटकापासून मार, तू मधली षटकं सांभाळ. ज्याला जे जमतं तेवढंच त्याच्याकडून मागितलं.

तुमच्या संघातही असा कोणी असेल. माझ्याकडे एक मुलगा तीन वर्षं राखीव बसायचा, कारण चढाईत त्याला गुण मिळत नसत. तो चढाईचा गडी नव्हताच. मधल्या साखळीत, म्हणजे हात धरून पकड करणाऱ्यांत, उभा केला, आणि पकड लागली की त्याच्या मिठीतून कोणी सुटेना. तीन वर्षं मी त्याला चुकीच्या जागी तपासत होतो. हे मला अजून सलतं, म्हणून तुम्हाला सांगतोय. पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या जागा बदलून बघा.

आता नशिबाकडे येतो. नशिबाचा वाटा किती, हे बरंचसं स्पर्धा कशी भरवली आहे यावर अवलंबून असतं. दुबळ्या संघांच्या गोष्टी सांगताना लोक हा भाग गाळतात. डेक्कन चार्जर्स २००८ साली १४ पैकी फक्त २ सामने जिंकून तळाला होते. पुढच्या वर्षी निवडणुकांमुळे आयपीएल दक्षिण आफ्रिकेत झाली आणि तोच संघ गिलख्रिस्टच्या नेतृत्वाखाली विजेता ठरला. छान गोष्ट आहे. पण साखळीत त्यांनी १४ पैकी ७ जिंकले होते, म्हणजे निम्मे. पहिल्या चारांत शिरले, उपांत्य सामन्यात गिलख्रिस्टनं ३५ चेंडूंत ८५ केल्या, अंतिम सामना १४३ धावा करून ६ धावांनी जिंकला. त्या सामन्यात गिलख्रिस्ट स्वतः शून्यावर बाद झाला होता! समोर बंगळुरूचा संघ होता, तोही आदल्या वर्षी शेवटून दुसरा. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये २००६ साली सेंट लुईस कार्डिनल्स ८३ सामने जिंकून आणि ७८ हरून बाद फेरीत आले आणि जगज्जेते झाले. साखळीत कसंबसं तरून जा, मग आठ-दहा दिवस चांगले जाऊ द्या, अशी वाट अशा स्पर्धांत असते.

लेस्टरची गोष्ट वेगळी, आणि म्हणून ती मला सगळ्यात मोठी वाटते. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये बाद फेरी नाहीच. ३८ सामने खेळायचे आणि शेवटी ज्याचे गुण जास्त तो विजेता. एखादा सामना नशिबानं मिळेल, ३८ कसे मिळतील? २०१५-१६ च्या सुरुवातीला सट्टेवाले त्यांना एकास पाच हजार देत होते. आदल्या मोसमात २९ सामन्यांनंतर हा संघ १९ गुणांसह तळाला होता. पण, आणि हे तुमच्या पोराला आवर्जून सांगा, त्या मोसमातले शेवटचे ९ पैकी ७ सामने त्यांनी जिंकले आणि चौदावे आले. म्हणजे बदल विजेतेपदाच्या वर्षाआधीच सुरू झाला होता, फक्त गुणतक्त्यात तो दिसत नव्हता. नवा प्रशिक्षक क्लॉडिओ रानिएरी आला. त्यानं चांगलं चाललेलं मोडलं नाही. बहुतेक माणसं तीच ठेवली, मोसमभर जवळजवळ तेच अकरा खेळवले.

आणि खेळ? चेंडू समोरच्यांकडे जास्त वेळ असायचा. लेस्टरवाले मागे दाट उभे राहायचे, कान्ते चेंडू हिसकायचा, महरेझ किंवा दुसरा कोणी तो लांब पुढे टाकायचा आणि व्हार्डी पळायचा. एवढंच. व्हार्डी काही वर्षांपूर्वी कारखान्यात काम करून खालच्या पातळीवर फुटबॉल खेळत होता, महरेझ फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीतून आलेला. पहिल्या ९ सामन्यांत प्रत्येक वेळी त्यांच्यावर गोल झाला होता. रानिएरीनं सांगितलं, एक सामना गोल न खाता काढा, सगळ्यांना पिझ्झा देतो. दहाव्या सामन्यात क्रिस्टल पॅलेसला १-० हरवलं आणि पिझ्झा मिळाला. मोसमाच्या शेवटाकडे, दडपण सगळ्यात जास्त असताना, एकापाठोपाठ चार सामने त्यांनी १-० असे जिंकले. ३८ पैकी फक्त ३ हरले. ८१ गुण, दुसऱ्या क्रमांकाच्या आर्सेनलपेक्षा १० जास्त. नशीबही होतं बरं का: आदल्या वर्षीचा विजेता चेल्सी त्या मोसमात कोसळून दहावा आला आणि बाकीचे मोठे संघही अडखळले. पण ते अडखळले तेव्हा लेस्टर तिथे हजर होतं.

खेळ आखूड करणं म्हणतो ते हे. जर्मनीचा ओटो रेहागेल याचं मला फार कौतुक वाटतं, कारण त्यानं हे दोन वेगळ्या ठिकाणी करून दाखवलं. १९९७ साली दुसऱ्या श्रेणीतून वर आलेला कायझर्सलाउटर्नचा संघ त्यानं १९९८ मध्ये जर्मनीचा विजेता केला. आधी ज्या बायर्न म्युनिकनं त्याला काढलं होतं, त्यांना त्यांच्याच मैदानात मोसमाच्या पहिल्याच सामन्यात १-० हरवून सुरुवात केली. मग २००४ साली ग्रीस. तोवर या देशानं मोठ्या स्पर्धेत एकही सामना जिंकला नव्हता, आणि युरो स्पर्धेत उपांत्यपूर्व, उपांत्य, अंतिम असे तिन्ही सामने १-० जिंकून तो युरोपचा विजेता झाला. बघायला तो खेळ सुंदर नव्हता असं बरेच जण म्हणतात. मला तो सुंदर वाटतो. आपल्याकडे काय आहे आणि काय नाही हे ज्याला पक्कं ठाऊक आहे त्याचा खेळ तो.

माझे वडील मखमलाबादला द्राक्षबाग करायचे. विरळणीच्या दिवसांत ते घड हातात घ्यायचे आणि कात्रीनं मणी काढून टाकायचे, चांगले दिसणारे मणीसुद्धा. लहानपणी माझा जीव तुटायचा. वडील म्हणायचे, वेल एवढ्यांना पोसणार नाही, सगळे ठेवले तर सगळेच बारीक राहतील. संघाला सराव देताना मला तो घड आठवतो. आठवड्यात चार संध्याकाळी, तेही कोणाची रात्रपाळी, कोणाच्या घरी छाटणी. एवढ्या वेळात दहा डाव शिकवले तर दहाही कच्चे राहतात.

आता नियमांचं. आपल्या देशी क्रिकेटमधलं एक उदाहरण लोकांच्या फारसं लक्षात नाही. २०१०-११ मध्ये रणजी करंडक राजस्थाननं जिंकला. त्या वर्षी हा संघ खालच्या, प्लेट गटात होता. त्या गटातून येऊन करंडक जिंकणारा तो पहिलाच संघ. कर्णधार आपला पुण्याचा हृषीकेश कानिटकर. हैदराबादला त्यांनी अवघ्या २१ धावांत गुंडाळलं, त्यात पहिलाच सामना खेळणाऱ्या दीपक चहरचे १० धावांत ८ बळी. पण मला शिकवून गेला तो बडोद्याविरुद्धचा अंतिम सामना. रणजीच्या बाद फेरीत सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणारा जिंकतो. म्हणजे समोरच्याला दोनदा बाद करायची गरजच नाही. शांतपणे खेळपट्टीवर ठाण मांडा, पहिल्या डावात पुढे जा, मग वेळ काढा. राजस्थाननं तेच केलं. पुढच्या वर्षी तमिळनाडूविरुद्ध चेन्नईत विनीत सक्सेनानं २५७ धावा केल्या, ६२१ धावांचा डोंगर रचला आणि करंडक पुन्हा नेला. नियमपुस्तक दोन्ही संघांकडे एकच असतं. ज्याची ताकद कमी आहे त्यानं ते जास्त बारकाईनं वाचलं पाहिजे.

विदर्भाचं २०१७-१८ चं पहिलं विजेतेपद इथे थोडक्यात सांगतो, कारण ती शिस्तीची गोष्ट आहे आणि तिच्यावर भरपूर लिहिलं गेलंय. चंद्रकांत पंडित प्रशिक्षक, वसीम जाफर मदतीला, कर्नाटकविरुद्धचा उपांत्य सामना अवघ्या ५ धावांनी जिंकला, आणि दिल्लीविरुद्ध इंदूरला अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीची हॅटट्रिक. याच पंडितांनी पुढे २०२२ साली मध्य प्रदेशला बंगळुरूला विजेता केलं, आणि समोर मुंबई होती. १९९९ साली त्याच चिन्नास्वामी मैदानावर मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून ते अंतिम सामना हरले होते.

हे सगळं आपल्या मॅटवर कसं उतरवायचं? इथे माझा स्वतःचा अनुभव सांगतो.

कबड्डीत एक अडचण आहे. फुटबॉलमध्ये अख्ख्या सामन्यात दोन-तीनच गोल होतात, त्यामुळे दुबळ्याला संधी राहते. कबड्डीत ४० मिनिटं, ३० सेकंदांची एक चढाई, म्हणजे दोन्हीकडच्या मिळून ८० च्या आसपास चढाया. गुण मिळवायचे प्रसंग जितके जास्त तितका सरस संघ वर येतो. पन्नास-साठ गुणांच्या सामन्यात सरस संघाला सहसा नशीब हरवत नाही. म्हणून मी पोरांना सांगतो, मध्यंतरापर्यंत सामना मंद करा. जोखमीची पकड नको, आपल्या पहिल्या दोन चढाया रिकाम्या गेल्या तरी चालतील. समोरच्यांना आपल्या चालीनं चालायला लावा.

दुसरं, वही. माझ्याकडे एका मुलाचं काम फक्त वहीत लिहिणं. रकाने दोनच: समोरच्यानं कमावलेला गुण आणि आपण फुकट दिलेला गुण. स्पर्श नसताना लॉबीत पाय, पकड करताना रेषेबाहेर पाय, दम तुटणं, एकट्यानंच घाईत मारलेली उडी, पंचांशी हुज्जत. पहिल्या वर्षी आमचे सामन्यामागे सात-आठ गुण फुकट जात होते, आणि आम्ही हरत होतो सहा-सात गुणांनी. चढाईपटू आणायला पैसे लागतात. हे सात गुण थांबवायला काहीच लागत नाही. फक्त ते रोज मोठ्यानं वाचून दाखवावे लागतात, ते कोणाच्या नावावर आहेत त्यासकट.

तिसरी गोष्ट मला उशिरा कळली. दुबळा संघ सामन्यातला बराचसा वेळ तीन-चार गड्यांवर खेळत असतो. बाकीचे बाद होऊन बाहेर बसलेले. आणि आम्ही सराव करायचो सात गड्यांचा! जी परिस्थिती आपल्यावर रोज येते तिचा सराव शून्य. तीन किंवा कमी गडी असताना केलेली पकड म्हणजे अव्वल पकड, तिला एकाऐवजी दोन गुण. आणि प्रो कबड्डीच्या नियमात सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. हे दोन नियम एकत्र ठेवून बघा. तीन गडी उरलेत, दोन चढाया अंग चोरून काढल्या, की तिसऱ्या चढाईला समोरच्याला आत यावंच लागतं, आणि तो आला तर आपल्याला दोन गुणांची संधी. मग आम्ही सरावाचा निम्मा वेळ तीन गड्यांवर घालवायला लागलो.

काही वर्षांपूर्वी निफाड तालुक्यात ६५ किलो वजनी गटाची स्पर्धा होती, नियम प्रो कबड्डीचे. उपांत्य सामना एका तगड्या संघाशी. शेवटची चार मिनिटं, आम्ही २३, ते २६, आणि मॅटवर आमचे तिघं. डाव्या कोपऱ्यात मार्केट यार्डात हमाली करणारा मुलगा, पोती उचलून त्याच्या पंजाला घट्टे पडलेले. त्यांनी वेळ काढायला दोन चढाया रिकाम्या नेल्या. आमचे तिघं जागचे हलले नाहीत. बाहेरून लोक ओरडत होते, "पकडा की!" हलले नाहीत. दुसऱ्या रिकाम्या चढाईनंतर आमच्या चढाईत बोनसचा (बोनस रेषा ओलांडल्याचा) एक गुण मिळाला, २४-२६. तिसऱ्या चढाईला त्यांचा मुख्य चढाईपटू आला. याची एक सवय आम्ही सकाळच्या सामन्यात टिपली होती: डाव्या कोपऱ्याला हूल देऊन परत फिरताना त्याचा मागचा पाय क्षणभर घसटत यायचा. तो आत आला, हूल दिली, फिरला. मुलानं गुडघा टेकला आणि दोन्ही पंज्यांत घोटा धरला. नुसता धरला, ओढला नाही, कारण ओढलं की पाय सुटतो. बाकीच्या दोघांची साखळी तोवर कमरेवर आली होती. २६-२६. पुढची आमची चढाई मी रिकामी आणायला सांगितली. त्यांचा दुसरा चढाईपटू घाईनं आला, कोणालाही न शिवता त्याचा पाय लॉबीत पडला. फुकटचा गुण. २७-२६. आमच्या शेवटच्या चढाईत मुलगा मध्यरेषेपलीकडे दम घुमवत उभा राहिला आणि शिट्टी वाजली.

अंतिम सामना आम्ही हरलो, आणि बऱ्याच फरकानं. तो संघ आमचा उपांत्य सामना बघत कडेला बसला होता. त्यांनी तिसऱ्या चढाईची वेळच येऊ दिली नाही. आमचे सहा-सात गडी असेपर्यंत बोनस घेतले, एकेक गुणानं पुढे गेले, आम्ही तिघांवर आलो की लगेच लोण चढवला, म्हणजे सगळेच बाद केले. एकच डाव असला की असं होतं. लेस्टरचंही झालं. पुढच्या मोसमात सगळे त्यांच्यासमोर सावध खेळले, कान्ते चेल्सीला गेला, आणि चेल्सी विजेता. लेस्टर बारावं आलं, रानिएरीला मोसम संपायच्या आधीच काढलं. म्हणून ज्या वर्षी एक डाव पक्का बसेल त्याच वर्षी दुसरा पेरायला घ्या. आम्ही पुढच्या हंगामात उजव्या कोपऱ्यातल्या मांडीच्या पकडीवर काम केलं. दोन वर्षांनी त्याच पोरांपैकी पाच जणांनी एक स्पर्धा जिंकली.

आणि ज्यांना टिकाऊ यश हवं त्यांनी पुणेरी पलटण बघावी. प्रो कबड्डीच्या पहिल्या दोन्ही हंगामांत, २०१४ आणि २०१५ ला, हा संघ तळाला होता. तरुण पोरं उचलली, त्यांना वर्षानुवर्षं खेळवलं. डिसेंबर २०२२ मध्ये अंतिम सामना जयपूरकडून हरले. तरी संघ मोडला नाही. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणाला २८-२५ हरवून विजेते. कर्णधार अस्लम इनामदार, आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. पहिल्या हंगामापासून विजेतेपदापर्यंत दहा वर्षं लागली. पोरांना ही गोष्टही सांगा. लेस्टरपेक्षा ती आपल्याला जास्त लागू पडते.

आता तुमच्याबद्दल. तुमची पोरं किती वजनाची आहेत, सराव मातीवर आहे का मॅटवर, समोर कोणते संघ येतात, हे मला माहीत नाही, आणि यावर बरंच अवलंबून आहे. मातीवर सराव करून मॅटवर खेळणार असाल तर पकडीच्या वेळा चुकणारच, मग आधी कुठूनही आठवड्यातून एकदा मॅट मिळवा. पोरं हलकी असतील तर खुल्या गटात जाऊन मार खाऊ नका, ५५ आणि ६५ किलोच्या स्पर्धा शोधा. कुठे खेळायचं हे निवडणं आपल्या हातात असतं, त्यात कमीपणा काही नाही. निवडीला वाव असेल तर या वर्षी आधी साखळी असलेली स्पर्धा घ्या, सरळ बाद फेरीची नको. बाद फेरीत नशीब लवकर साथ देतं हे खरं, पण तुमच्या संघाला आत्ता सामने हवेत. एक सामना हरून घरी यायचं, तीन महिने थांबायचं आणि पुन्हा एकदा हरायचं, यातून कोणी शिकत नाही.

पुढचे दोन आठवडे एवढंच करा. शेवटच्या दोन-तीन सामन्यांचं मोबाइलवरचं चित्रीकरण कोणाकडे तरी असेलच, ते लावून वही भरा. फुकटचे गुण मोजा. तुमचे तीन किंवा कमी गडी मॅटवर होते ती मिनिटं मोजा. ज्यानं नशिबाचा प्रश्न विचारला ना, वही त्याच मुलाच्या हातात द्या. आकडे आले की मला इथेच कळवा, त्यावरून पहिली पकड कुठली बसवायची ते सांगतो. आणि नाशिकला आलात तर निमाणी बसस्थानकावर उतरा आणि संध्याकाळी सातनंतर मैदानावर या. रविवार सोडून आम्ही रोज असतो, तुमच्या तिघांना आमच्या तिघांसमोर उभं करून बघू.